एक पैनगंगा, दोन रणजी संघ

माहूरच्या क्रिकेटप्रेमींचा संघ कोणता आणि तो का जिंकत नाही, याचा लेखाजोखा

वडोदरा येथे १६ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या विजय हजारे करंडकाच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने महाराष्ट्राचा ६९ धावांनी पराभव केला. विदर्भाने ५० षटकांत ३ बाद ३८० धावांचा डोंगर उभारला. ध्रुव शोरे आणि यश राठोड या सलामीवीरांनी शतके ठोकली, तर कर्णधार करुण नायरने अवघ्या ४४ चेंडूंत नाबाद ८८ धावा फटकावल्या. महाराष्ट्राची मजल ७ बाद ३११ पर्यंतच गेली. नागपूरकरांसाठी तो विजय होता आणि पुणेकरांसाठी पराभव. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील माहूरच्या क्रिकेटप्रेमींसाठी मात्र हा निकाल इतका सरळ नव्हता. आपला संघ हरला हे खरे. पण ज्याने हरविले तो संघ नदीपलीकडचाच होता.

माहूर म्हटले की रेणुकामातेचे शक्तिपीठ, दत्तशिखर आणि किल्ला डोळ्यांसमोर येतो. क्रिकेटच्या नकाशावर या गावाचे स्थान वेगळ्याच कारणाने लक्षवेधी आहे. माहूर महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या, म्हणजे पुण्याच्या अखत्यारीत येते. पैनगंगा ओलांडून धनोड्याला पाऊल टाकले की यवतमाळ जिल्हा लागतो आणि विदर्भ क्रिकेट संघटनेचा, म्हणजे नागपूरचा अंमल सुरू होतो. किनवटच्या पलीकडे तेलंगणाची हद्द लागते आणि तेथे हैदराबादची संघटना आहे. नागपूर माहूरपासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर आहे, पुणे त्याच्या दुपटीहूनही दूर. तरीही माहूरच्या मुलाची क्रिकेटची वाट पुण्याकडेच जाते.

नकाशा कसा ठरला?

या विभागणीमागे क्रिकेटचा विचार कमी आणि इतिहासाचा भाग अधिक आहे. ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदले आहे, म्हणजे मोगल काळात माहूर पैनगंगेच्या पलीकडील मुलखाशीच जोडलेले होते. पुढे हा भाग निजामाच्या राज्यात राहिला आणि वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली मध्य प्रांताशी जोडले गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

राज्य एक झाले, तरी क्रिकेटच्या संघटना तीनच राहिल्या: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. न्या. लोढा समितीने ‘एक राज्य, एक मत’ हे सूत्र सुचविले आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले, तेव्हा ही रचना डळमळीत झाली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने त्या सूत्रात बदल करून तिन्ही संघटनांचे पूर्ण सदस्यत्व कायम ठेवले. त्यामुळे पैनगंगा ही आजही दोन रणजी संघांमधली सीमारेषा आहे. एकाच भाषेच्या, एकाच राज्याच्या दोन संघांची तुलना करण्याची अशी सोय इतर राज्यांतील चाहत्यांना क्वचितच लाभते.

दोन संघांचा ताळेबंद

महाराष्ट्राची परंपरा जुनी आणि मानाची आहे. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. त्यातील पहिल्याच हंगामात विजय हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावांची खेळी केली आणि प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामनाच सोडून दिल्याने ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तत्कालीन विक्रम अवघ्या काही धावांनी दूर राहिला. वैयक्तिक पराक्रमांची ही यादी बरीच लांबविता येईल. करंडकांची यादी मात्र १९४०-४१ पाशी थांबते.

त्यानंतर महाराष्ट्र १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशा तीन हंगामांत अंतिम फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. यातील पहिला पराभव आजही अभ्यासण्याजोगा आहे. अजित वाडेकर, सुनील गावसकर, दिलीप सरदेसाई हे मुंबईचे मोहरे त्या वेळी भारतीय संघासोबत वेस्ट इंडिजमध्ये होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील मुंबईच्या दुसऱ्या फळीनेच महाराष्ट्राला ४८ धावांनी हरविले. पहिले अकरा खेळाडू उत्तम असणे आणि त्यांच्यामागे आणखी अकरा तयार असणे, या दोहोंतील फरक त्या सामन्याने दाखवून दिला.

विदर्भाची कहाणी नेमकी उलटी आहे. १९५७-५८ मध्ये रणजी स्पर्धेत उतरलेल्या या संघाला साठ वर्षे दुबळा संघ म्हणूनच ओळखले जाई. नोव्हेंबर २०११ मध्ये उमेश यादव कसोटी खेळला, तेव्हा विदर्भाच्या संघातून थेट कसोटीपर्यंत गेलेला पहिला खेळाडू म्हणून त्याचे कौतुक झाले. त्यानंतर चित्र वेगाने पालटले. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन रणजी करंडक विदर्भाने आठ वर्षांत पटकावले. २०२३-२४ मध्येही हा संघ अंतिम फेरीत होता. तेथे त्याला मुंबईकडून हार पत्करावी लागली.

गुणवत्तेत महाराष्ट्र मागे आहे, असे कोणीही म्हणणार नाही. केदार जाधव, ऋतुराज गायकवाड, राहुल त्रिपाठी हे भारताकडून खेळले. २०१३-१४ च्या हंगामात केदारने १२२३ धावा करून संपूर्ण स्पर्धेत अग्रस्थान मिळविले. मग एवढी गुणवत्ता असून करंडक का नाही, हाच चाहत्यांचा खरा सवाल आहे. त्याचे उत्तर निवड आणि व्यवस्थापनाच्या चार ठिकाणी शोधावे लागते.

कर्णधारपदाची संगीतखुर्ची

पहिले ठिकाण नेतृत्वाचे. २०१३-१४ च्या अंतिम फेरीत महाराष्ट्राचा कर्णधार रोहित मोटवानी होता. २०१६-१७ मध्ये स्वप्निल गुगळे, २०२३-२४ मध्ये केदार जाधव, २०२४-२५ मध्ये ऋतुराज गायकवाड आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी अंकित बावणे, अशी नावे बदलत गेली. विदर्भाने सलग दोन करंडक फैज फजल या एकाच कर्णधाराच्या आणि चंद्रकांत पंडित या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली जिंकले. २०२३-२४ ची अंतिम फेरी आणि २०२४-२५ चा करंडक, दोन्ही वेळा अक्षय वाडकरकडेच धुरा होती.

महाराष्ट्राच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. ज्याचा खेळाडू राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावर आहे, त्या संघाला तो हंगामभर मिळत नाही. ऋतुराज भारत ‘अ’ संघासोबत ऑस्ट्रेलियाला गेला की रणजी संघाची घडी पुन्हा बसवावी लागते. परंतु नेमके म्हणूनच कर्णधारपद अशा खेळाडूकडे असावे, जो सर्व सामन्यांना उपलब्ध राहील. विदर्भाने उमेश यादवला गोलंदाज म्हणून वापरले; संघाची जबाबदारी मात्र हंगामभर मैदानात असणाऱ्या फजल आणि वाडकर यांच्याकडे ठेवली. सर्वांत नावाजलेला खेळाडू हाच सर्वांत योग्य कर्णधार असतो असे नाही, हा त्यातला बोध आहे.

पाहुणे खेळाडू कशासाठी?

दुसरे ठिकाण बाहेरून आणलेल्या खेळाडूंचे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या नियमांनुसार राज्य संघाला बाहेरचे तीन व्यावसायिक खेळाडू घेता येतात. त्यासाठी खेळाडूला आपल्या मूळ संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. या निर्णयावर चाहत्यांचा रोष सर्वाधिक असतो; आपल्या मुलाची जागा परक्याने घेतली, ही भावना स्वाभाविकच आहे.

विदर्भाने ही सोय कशी वापरली, ते पाहण्यासारखे आहे. २०१३-१४ च्या अंतिम सामन्यात कर्नाटककडून महाराष्ट्राविरुद्ध शतक ठोकणारा गणेश सतीश पुढच्याच हंगामात विदर्भाकडे आला. पाठोपाठ मुंबईचा वसीम जाफर आला. २०१८-१९ मध्ये, वयाच्या चाळिशीत, जाफरने हजाराहून अधिक धावा केल्या. पण करंडकाचे क्षण कोणी घडविले? १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरमध्ये संपलेल्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने दिल्लीच्या पहिल्या डावात हॅट्‌ट्रिकसह ५९ धावांत ६ बळी घेतले आणि अक्षय वाडकरने शतक केले. दोघेही विदर्भातच घडलेले. पुढील वर्षी सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात ११ बळी घेणारा आदित्य सरवटेही विदर्भाचाच. २०२४-२५ च्या केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात करुण नायरने दुसऱ्या डावात शतक झळकावले, पण पहिल्या डावाला आकार दिला तो २१ वर्षांच्या दानिश मालेवारच्या १५३ धावांनी. त्याच हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका मोसमातील विक्रम आपल्या नावावर केला, तर यश राठोडने ९६० धावा केल्या. पाहुण्यांनी फलंदाजीला स्थैर्य दिले आणि त्या आधारावर घरची मुले मोठी झाली.

महाराष्ट्रानेही २०२५-२६ साठी हाच मार्ग धरला. मुंबईचा पृथ्वी शॉ आणि केरळकडून खेळलेला अष्टपैलू जलज सक्सेना यांना संघात घेण्यात आले. रणजी स्पर्धेत ६ हजार धावा आणि ४०० बळी असा दुहेरी टप्पा सर्वप्रथम गाठणारा खेळाडू म्हणजे सक्सेना. ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात महाराष्ट्राची अवस्था ५ बाद १८ अशी झाली असताना ऋतुराजच्या ९१ आणि सक्सेनाच्या ४९ धावांनी डाव सावरला. पाठोपाठ चंडीगडविरुद्ध शॉने २२२ धावांची खेळी केली. निर्णय चुकला असे म्हणण्यास येथे जागा नाही. प्रश्न एवढाच की, या दोघांच्या सहवासात महाराष्ट्राचे कोणते तरुण खेळाडू तयार होतात? पाहुण्याचे मोल त्याच्या धावांवर ठरवावे, तसेच तो निघून गेल्यावर मागे काय उरते, त्यावरही ठरवावे.

खेळाडूंची ये-जा ही काही नवी गोष्ट नाही. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्रासाठी त्रिशतक झळकावून पुढे बडोद्याला गेले आणि बडोद्याने करंडक जिंकले. आज पैनगंगेच्या दोन्ही काठांवरून वाहतूक चालू आहे. ज्या गुरबानीने विदर्भाला पहिला करंडक मिळवून दिला, तो २०२४-२५ मध्ये महाराष्ट्राकडे आला. सरवटे त्याच हंगामात केरळकडे गेला आणि अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्धच उभा ठाकला. तरीही विदर्भ जिंकला, कारण सरवटेच्या जागी दुबे तयार होता.

वीस बळींचे गणित

तिसरे ठिकाण अंतिम अकरा जणांच्या निवडीचे. रणजीत निर्णायक विजयाला ६ गुण मिळतात. डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास आणखी एक. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्यास ३ आणि दुसऱ्यास १ गुण मिळतो. म्हणजे एका विजयाची बरोबरी करण्यास आघाडीचे दोन सामने लागतात. चार दिवसांत वीस बळी घेऊ शकणारी गोलंदाजी ज्याच्याकडे आहे, तोच गुणतक्त्यात वर राहतो.

महाराष्ट्राची ओळख पिढ्यान् पिढ्या फलंदाजांचा संघ अशीच राहिली आहे. ऑक्टोबर २०१६ मधील दिल्लीविरुद्धचा सामना हे तिचे टोकाचे उदाहरण. वानखेडेवर स्वप्निल गुगळे (नाबाद ३५१) आणि अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी तिसऱ्या विकेटसाठी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. रणजीच्या इतिहासातील ती तोवरची सर्वांत मोठी भागीदारी होती. संगकारा-जयवर्धने यांचा ६२४ धावांचा विश्वविक्रम अवघ्या ३० धावांवर असताना कर्णधार गुगळेने २ बाद ६३५ वर डाव घोषित केला. विक्रम सोडून विजयाचा विचार केला म्हणून त्याची पाठ थोपटणारे होते, तसे हळहळणारेही होते. पण पुढे काय झाले, याची चर्चा कमी झाली. रिषभ पंतच्या ३०८ धावांच्या जोरावर दिल्लीने ५९० धावा केल्या आणि महाराष्ट्राच्या पदरात फक्त आघाडीचे ३ गुण पडले. खेळपट्टी फलंदाजीला नंदनवन होती, हे खरेच. तरीही दोन फलंदाजांनी सहाशे धावा करूनही सामना जिंकता येत नसेल, तर उणीव कोठे आहे ते उघड आहे.

याउलट २०१३-१४ ची घोडदौड आठवावी. उपांत्यपूर्व फेरीत मुंबईला मुंबईतच, तर उपांत्य फेरीत बंगालला इंदूरमध्ये महाराष्ट्राने निर्विवाद हरविले. इंदूरला बंगालचा पहिला डाव ११४ धावांत गुंडाळणारी मध्यमगती गोलंदाजीच त्या यशाच्या मुळाशी होती. समद फल्ला, श्रीकांत मुंढे, अनुपम संकलेचा यांची नावे केदारच्या धावांइतकी गाजली नाहीत, एवढेच.

जिल्ह्यातून संघात

चौथे आणि माहूरच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचे ठिकाण म्हणजे जिल्ह्यांतील निवड. मराठवाड्याने खेळाडू दिलेच नाहीत, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) इक्बाल सिद्दिकी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध एकमेव कसोटी खेळला आणि विजयासाठी मोजक्या धावा हव्या असताना सलामीला येऊन त्याने विजयी फटका मारला. बीडमध्ये जन्मलेल्या संजय बांगरने रणजीत नाव कमावले ते रेल्वेकडून. २००२ च्या हेडिंग्ले कसोटीत सलामीला येऊन त्याने केलेल्या ६८ धावा अजूनही विसरल्या गेलेल्या नाहीत. पैठणचा अंकित बावणे महाराष्ट्राच्या फलंदाजीचा कणा ठरला. माहूरप्रमाणेच शक्तिपीठ असलेल्या तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरने २०२२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक विजेत्या संघात वेगवान गोलंदाज म्हणून स्थान मिळविले. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावांची झुंजार खेळी केली.

जालन्याच्या विजय झोलचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा, २०१३-१४ मध्ये त्रिपुराविरुद्ध रणजी पदार्पणातच द्विशतक, २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे कर्णधारपद, एवढी शिदोरी असूनही पुढील हंगामांत त्याला संघात पक्की जागा टिकविता आली नाही. फॉर्म हरपणे हा खेळाचाच भाग आहे. परंतु उमेदीच्या वयातील खेळाडू असा मागे पडतो, तेव्हा त्याला परत उभे करण्याची व्यवस्था संघाकडे होती का, हा प्रश्न चाहता विचारणारच. शिवाय ही यादी बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिवपाशीच थांबते. नांदेड आणि लातूर या मोठ्या शहरांची नावे तीत कोठे आहेत?

विदर्भातही नागपूरचे वर्चस्व आहेच. पण अकोल्याचा अथर्व तायडे, अमरावतीचा जितेश शर्मा, वर्ध्याचा दर्शन नळकांडे ही नावे तेथील संघपत्रिकेत सहज दिसू लागली. जिल्ह्यातील मुलाला लहान वयात हेरायचे, नागपूरच्या निवासी अकादमीत आणायचे आणि वयोगटांच्या संघांतून वर सरकवायचे, ही तेथील पद्धत. विदर्भाच्या संघटनेला अकराच जिल्हे सांभाळायचे आहेत, हा तिचा फायदा. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, कोकण आणि मराठवाडा अशा विस्तीर्ण प्रदेशावर लक्ष ठेवणे पुण्याला निश्चितच अधिक अवघड आहे. म्हणूनच तेथे शोधयंत्रणा अधिक पसरलेली हवी. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगने ग्रामीण भागातील खेळाडूंना दूरचित्रवाणीवर आणले, हे पाऊल स्वागतार्हच होते. मात्र पहिल्या हंगामातील सहा संघांत मराठवाड्याचा एकच होता, तो छत्रपती संभाजीनगरचा. नांदेड किंवा लातूरच्या नावाचा संघ त्यात नव्हता.

पारख कशी करावी?

निवड समितीवर टीका करणे सोपे असते. पंधरा जागांसाठी पन्नास नावे असतात आणि वगळलेला प्रत्येक खेळाडू कोणत्या तरी गावाचा लाडका असतो. त्यामुळे एका सामन्याच्या निकालावरून निर्णयाची पारख करू नये. संघ जाहीर झाला की चाहत्याने चार गोष्टी तपासाव्यात. कर्णधार हंगामभर उपलब्ध आहे का? पाहुण्या खेळाडूंच्या बरोबरीने किती नवोदितांना सलग सामने मिळाले? अकरा जणांत वीस बळी घेणारे गोलंदाज आहेत का? आणि संघातील खेळाडू किती जिल्ह्यांतून आले आहेत?

या चारही प्रश्नांची उत्तरे विदर्भाने एका हंगामात नव्हे, तर दशकभरात मिळविली. महाराष्ट्रालाही तेवढा धीर धरावा लागेल. तोपर्यंत माहूरच्या एखाद्या मुलाचा चेंडू कितीही वेगाने येत असला, तरी तो कोणाच्या नजरेस पडतो, हे त्याच्या मनगटापेक्षा पैनगंगेच्या काठावरच अधिक अवलंबून राहील.